सपाट एक लिटर मका

आमच्या गावात हिवाळा मका कापला की सुरू होतो. कॅलेंडरला कुणी विचारत नाही. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून दक्षिणेला निघालं की जिथे हार्ट्सचे डोंगर निळसर दिसायला लागतात, तिथलं हे लहानसं गाव. उन्हाळाभर घरामागचा मका वाढत वाढत डोंगर गिळून टाकतो. मग ऑक्टोबरातल्या एका सकाळी ते भलंमोठं यंत्र येतं, दिवसभर घरघरत राहतं, आणि संध्याकाळी भांडी घासताना मान वर करावी तर खिडकीत डोंगर हजर. कापलेल्या मक्याचा आंबूस गोड वास पडद्यांना चार दिवस चिकटून असतो. मी पडदे धुवायची घाई करत नाही.

काल ते यंत्र येऊन गेलं आणि आज सकाळी नाशिकहून अण्णांचा फोन आला.

"मका झाला का?"

"झाला अण्णा, कालच."

"मग डुकरं जंगलात गेली असतील."

"गेली असतील."

"बरं. मिलिंदला दे फोन."

दरवर्षी इतकंच बोलणं होतं. हवा कशी आहे, थंडी पडली का, असलं ते विचारत नाहीत. मका झाला का, एवढंच. आणि फोन मिलिंदच्या हातात देऊन मी उगाच खिडकीशी जाऊन उभी राहते, कारण त्या एका प्रश्नाने तो अख्खा हिवाळा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतो.

अण्णा माझे सासरे. सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून केली. त्यांना पेठेत येताना बघून दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे, असं माझा नवरा मिलिंद सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मला सासूबाईंकडून पैठणी मिळाली आणि अण्णांकडून सरकारी शिक्का मारलेल्या मापांचा संच. लिटर, अर्धा लिटर, पाव लिटर. माझ्या मैत्रिणी अजून हसतात. पण त्या पैठणीची घडी मी चारदा मोडली असेल, मापं मात्र रोज वापरते. जर्मनीला येताना बॅगेचं वजन जास्त झालं तेव्हा मी पुस्तकं काढली, मापं नाही काढली. तेव्हापासून अण्णांचं माझ्याबद्दलचं मत एकदम सुधारलं.

माझाही धंदा नेमकेपणाचाच आहे. मी यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करते. एका स्क्रूच्या नावावरून मी इंजिनिअर लोकांशी तास तास भांडलेली आहे. शब्द चुकला तर कुणाचं तरी बोट जाईल, असं मी ऑफिसात नव्या मुलींना फार गंभीर चेहऱ्याने सांगते. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते सांगताना मला अजून थोडी लाज वाटते.

तो आई गेल्यानंतरचा पहिला हिवाळा होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गेल्यावर अण्णा नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले, आणि शेजारच्या काकूंनी फोन करून सांगितलं की अहो, यांच्याकडे गॅस पेटतच नाही, हे बिस्किटांवर राहतात. मग मिलिंद गेला आणि नव्वद दिवसांच्या व्हिसावर त्यांना घेऊन आला. ऑक्टोबरअखेरीला आले. यायच्या आदल्या दिवशीच मका कापला होता, त्यामुळे त्यांना दाखवायला निदान डोंगर तरी होते. ते खिडकीशी बसायचे आणि डोंगर बघायचे. जेवायला बोलावलं की यायचे, अर्धी पोळी खायचे, ताट उचलून ठेवायचे.

"अण्णा, भात वाढू?"

"झालं माझं."

मिलिंद सकाळी सहाला निघून रात्री यायचा, आमची मुलगी ईरा शाळेत. दिवसभर घरात आम्ही दोघंच. मी टेबलाशी टाइप करत, ते खिडकीशी. रडले असते तर बरं झालं असतं. पॅन्टचा पट्टा आठवड्याला एकेक भोक आत जात होता आणि मी त्या पट्ट्याकडे बघून घाबरत होते. हा माणूस असाच थोडा थोडा कमी होत जाईल, आणि नव्वद दिवसांनी आपण त्यांना परत त्या गॅस न पेटणाऱ्या घरात पाठवू, याची मला भीती वाटत होती.

अशात एका सकाळी अण्णा मला म्हणाले, "तो माणूस रोज बादली घेऊन कुठे जातो?"

तो माणूस म्हणजे हेर ब्रांडेस. इथे श्रीयुतला हेर म्हणतात. निवृत्त सुतार, आमच्यापासून तिसरं घर, आणि गावामागच्या जंगलातली शिकार त्यांच्याकडे. इथे शिकार कुणीही उठून करत नाही. त्याची मोठी परीक्षा असते, मग परवाना, मग जंगलाचा ठरावीक तुकडा भाड्याने. कोणत्या महिन्यात कोणता प्राणी, कुठे, किती, सगळं लिहिलेलं. ब्रांडेस रोज आठच्या ठोक्याला बादलीत मका आणि पत्र्याचा एक जुना डबा घेऊन आमच्या दारावरून जायचे.

मी काही म्हणायच्या आत अण्णा स्वेटर चढवून खाली. मी मागे धावले. बघते तर अण्णांनी ब्रांडेसच्या बादलीतला डबा उचललेला, उलटा करून बुडाशी शिक्का शोधताहेत.

"हे किती मापाचं आहे म्हणतात?"

मी विचारलं. ब्रांडेस म्हणाले, एक लिटर. नियमच आहे, एका जागी एका दिवसाला एक लिटर.

"कशावरून लिटर? शिक्का नाहीये."

हे कसं सांगावं म्हणून मी घुटमळत होते, पण सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस रागावणार. ब्रांडेसनी डब्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि म्हणाले, "श्टिम्ट." बरोबर आहे.

मी वर जाऊन माझं दिवाळीचं लिटर आणलं. रस्त्यातच मोजणी झाली. डब्यात लिटरहून मूठभर मका जास्त मावत होता. वर ब्रांडेस तो शीग लावून भरायचे. अण्णांनी तळहात काठावरून आडवा फिरवून दाखवला: सपाट. शीग नाही. ब्रांडेसनी खिशातून खिळा काढला आणि अण्णांनी बोट ठेवलं तिथे डब्याच्या आत रेघ मारली. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. एकाला मराठी सोडून फार काही येत नव्हतं, दुसऱ्याला जर्मन सोडून काहीच नाही, आणि इतकं समजून घेणारी माणसं मी त्या महिन्यात दुसरी पाहिली नव्हती.

त्या दिवशी अण्णांनी दीड पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ते ब्रांडेसच्या आधी दारात उभे. शनिवार होता, म्हणून मी आणि ईराही निघालो. मक्याच्या कापलेल्या खुंटांमधून, ओढा ओलांडून, मग स्प्रूसची झाडं सुरू होतात तिथे. तिथे एक मोकळी जागा, मधे एक चपटा दगड, जरा वर टेकाडाला लाकडी मचाण. ब्रांडेसनी दगड उचलला, अण्णांना डबा दिला, अण्णांनी रेघेपर्यंत सपाट माप भरून खाली ओतलं, दगड पुन्हा वर. अण्णांनी मला विचारलं, "हे दाणे कुणासाठी? नीट विचार."

ब्रांडेसनी नीट सांगितलं. हे खायला घालणं नव्हे, हे किरुंग. रानडुकरांसाठी. दगड अशासाठी की हरणांना मका मिळता कामा नये, डुकरं तो नाकाने सहज उलथतात. थोडेच दाणे ठेवायचे, म्हणजे त्यांचं पोट भरत नाही पण ती रोज येऊन बघतात. मग एखाद्या पहाटे आपण मचाणावर बसायचं, नीट बघून घ्यायचं, पिलंवाली मादी नाही ना, आणि मारायचं.

मी अण्णांकडे वळले. थंडीने त्यांचं नाक लाल झालं होतं. हात मक्याच्या पिठाने पांढरे झालेले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर कामावर असल्याचा भाव होता.

मी म्हणाले, "रानडुकरांना दाणे घालतात, अण्णा. रोज एक लिटर. हरणांनी खाऊ नये म्हणून वर दगड ठेवतात."

यातला शब्द न शब्द खरा होता. ब्रांडेस जिथे थांबले नव्हते तिथे मी थांबले, इतकंच.

"मामा," ईरा म्हणाली, "दास वार निष्ट आलेस." आई, एवढंच नव्हतं ते. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्येच देते. मी तिला हातमोजे घालायला सांगितलं.

"म्हणजे अन्नछत्रच झालं की," अण्णा म्हणाले. "आणि तेही मापाने." त्यांनी ब्रांडेसना हात जोडले. ब्रांडेसनी गोंधळून टोपी उचलली. अण्णांनी मचाणाकडे बघितलं. "आणि ते वर काय?"

"तिथून बघतात."

"देखरेख हवीच," अण्णा म्हणाले.

सहा आठवडे ते रोज गेले. पाऊस असो, धुकं असो, आठ वाजता दारात. त्यांना 'गेनाऊ' हा एक जर्मन शब्द सापडला, अगदी बरोबर या अर्थाचा, आणि तो त्यांनी इतका वापरला की बेकरीतली बाई त्यांना बघूनच गेनाऊ म्हणायला लागली. परत आले की भूक लागलेली असायची. पिठलं कर म्हणायचे. थालीपीठ कर म्हणायचे. एकदा ब्रांडेसच्या घरून येताना बटाट्याची पिशवी घेऊन आले आणि मला रस्सा कसा करायचा ते सांगायला लागले, आईंसारखा, भाजलेलं खोबरं लावून. आईंचं नाव न घेता 'ती करायची तसा' म्हणाले, पण म्हणाले. पट्ट्याचं एक भोक परत बाहेर आलं. मी ते मोजलं होतं.

म्हणून मी गप्प राहिले. रोज ठरवायची, आज सांगू. पण त्यांनी दुसरी भाकरी मागितली की सांगायचं राहून जायचं. एकदा सांजेला लांबून धाडकन आवाज आला. अण्णांनी पेपरातून मान वर केली. मी म्हणाले, कुकर आहे. कुकर लावलेलाच नव्हता.

किरुंगला मराठीत शब्द नाही असं मी स्वतःला समजावत होते. ते खोटं होतं. चांगला खणखणीत शब्द आहे, आमिष. आमिष म्हणजे दाखवलेला लोभ, आणि आमिष म्हणजे मांसही. म्हणून तर आपण सामिष आणि निरामिष म्हणतो. मासळी पकडणाऱ्याचा गळ आणि ताटातला तुकडा, दोन्ही एकाच शब्दात बसलेत. इतका नेमका शब्द जर्मनकडेही नाही. पण ज्या घरात अंडंही शिजलं नाही त्या घरातल्या माणसापुढे, त्याच्या मुठीत मका असताना, तो शब्द माझ्या जिभेवर येईना. मग 'दाणे घालणं' हा गोड शब्द मी पुढे केला. दाणे आपण चिमण्यांना घालतो.

आता इतक्या वर्षांनी वाटतं की ब्रांडेसच्या नियमात जे दोन शब्द आहेत, खायला घालणं आणि आमिष, त्यात दाणा तोच असतो. मका तोच, हात तोच, कधी कधी जागाही तीच. तो पोटात गेल्यावर समोरच्याने जगावं असं आपल्याला वाटतं की नाही, एवढाच फरक. तो फरक दाण्यावर दिसत नाही. आणि मी अण्णांना रोज पिठलं-थालीपीठ वाढत होते ते तरी कसलं होतं, कुणास ठाऊक. तीही लालूच दाखवूनच त्यांना धरून ठेवायची धडपड होती.

त्याच जंगलात, त्या चपट्या दगडापासून जरा लांब, हरणांसाठी एक लाकडी गव्हाण होती. रिकामी. ती बघून अण्णा पहिल्या दिवसापासून अस्वस्थ. डुकरांना रोज, आणि हरणांना काहीच नाही? मी विचारलं, तर ब्रांडेस म्हणाले, हरणांना उगाच खायला घालायला बंदी आहे, जंगलात त्यांना पुरेसं असतं. बर्फ फार पडलं, वरून तसं जाहीर झालं, तरच गव्हाण भरायची. अण्णांना हे पटलं. दुष्काळी कामं अशीच निघतात म्हणाले.

डिसेंबरात बर्फ पडलं, आणि असं पडलं की ओढा कुठे आहे ते कळेना. तिसऱ्या दिवशी तसं जाहीर झालं. आम्ही तिघं गवताचे भारे ओढत गव्हाणीपर्यंत गेलो. अण्णांनी माकडटोपीवरून मफलर बांधला होता. गवत भरून झाल्यावर ब्रांडेस सहज म्हणाले, आता या गव्हाणीच्या दोनशे मीटरच्या आत शिकार करता येत नाही, पण आपला दगड लांब आहे, तेव्हा तो चालू राहील.

"काय म्हणतात?" अण्णा.

"या गव्हाणीपासून दोनशे मीटरच्या आत... मका ठेवता येत नाही. पण आपला दगड त्याच्या बाहेर आहे."

"मोजलंय?"

ब्रांडेसनी पूर्वी कधीतरी पावलं मोजली होती. अण्णांना पावलं हे माप मान्य नव्हतं. ब्रांडेसच्या गाडीत सुतारकामाची तीस मीटरची फीत होती. एक टोक मी धरलं, एक अण्णांनी, आणि आम्ही गुडघाभर बर्फातून ती फीत सहा वेळा पूर्ण आणि एकदा अर्धवट ओढली. एकशे एक्याण्णव.

"उनम्योग्लिष," ब्रांडेस म्हणाले. शक्यच नाही. पुन्हा मोजलं. एकशे एक्याण्णव.

ब्रांडेस कानापर्यंत लाल झाले. इतकी वर्षं नऊ मीटरने चुकत होते. मग त्यांनी दगड उचलला, खालचा मका ओंजळीने बादलीत परत भरला, एकेक दाणा वेचून, आणि म्हणाले, "आल्झो." तर मग. "इथलं बंद." त्यांनी अण्णांचा हात हातात घेऊन दाबला. अण्णांचा चेहरा असा फुलला होता की मलाही हसू आलं. मग ते फीत गुंडाळता गुंडाळता थांबले.

"अनघा, पण दोन पंगतींमध्ये दोनशे मीटर कशाला लागतात?"

मी बुटांवरचं बर्फ झटकायला लागले.

"इकडे हरणं जेवणार, तिकडे डुकरं जेवणार. जवळ असली तर बिघडलं कुठे? दगडाने हरणांना मका मिळत नाही म्हणालीस. मग अंतर कशाला? नियम कारणाशिवाय नसतो." त्यांनी मचाणाकडे बघितलं. मग दगडाकडे. मग माझ्याकडे. आयुष्यभर खोट्या तराजूंकडे बघितलेले डोळे होते ते.

"आमिष आहे ते, अण्णा," मी म्हणाले. "त्यांना इथे यायची सवय लागते. मग मारतात."

"रोज?"

"रोज नाही. कधीतरी."

"मी घातलेल्या दाण्यांवर?"

अण्णांनी फीत शेवटपर्यंत व्यवस्थित गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"डुकरं मारतात त्याचं काही नाही. आपल्याकडेही शेतं उकरतात ती. पण पानावर बसलेल्याला आपल्यात उठवतसुद्धा नाहीत गं." आणि ते एकटेच, आमच्या येतानाच्या पावलांवर पावलं ठेवत घरी गेले.

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धी पोळी. मिलिंदला म्हणाले, बुधवारचं तिकीट बघ. मिलिंदने मला स्वयंपाकघरात गाठलं. "तू त्यांना असं कसं सांगितलंस?"

"सांगितलं नाही म्हणूनच झालं हे."

मला अण्णांचा राग सोसला असता. ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, चहा छान झालाय म्हणत होते, आणि मी काही म्हणाले की क्षणभर थांबत होते, बाई सांगतेय ते पूर्ण आहे का हे तपासत असल्यासारखं. तो क्षण मला सोसवत नव्हता.

रविवारी ब्रांडेस आले. बर्फ वितळायला लागलं होतं, त्यांनी मचाण आणि दगड दोन्ही हलवून नवी जागा फितीने मोजून घेतली होती, आणि हेर आण्णा चार दिवस दिसले नव्हते. आजारी आहेत का? दारातच मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "पण तुम्ही तर भाषांतरकार आहात ना?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि म्हणूनच फार लागलं.

ते आत आले, अण्णांच्या समोर बसले, टोपी गुडघ्यावर. म्हणाले, हेर आण्णांना ठाऊक आहे असं मी समजत होतो. ठाऊक असून ते येतात याचं मला फार मोल वाटत होतं. ठाऊक नसताना मी त्यांच्या हातात डबा कधीच दिला नसता.

मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं.

"त्यांना सांग, त्या डब्यावरची खूण मी केलेली आहे. माझ्या मापाने काय झालं ते बघितल्याशिवाय मी जाणार नाही. पुढच्या वेळी मला बोलवा म्हणावं."

अण्णा त्या बुधवारी गेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. ते एकोणनव्वदाव्या दिवशी गेले, व्हिसाच्या नियमाला एक दिवस शिल्लक ठेवून. मक्याच्या डब्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. जानेवारीत परत बर्फ पडलं तेव्हा मात्र गव्हाणीत गवत त्यांनीच भरलं, आणि संध्याकाळी ब्रांडेसच्या कार्यशाळेत बसून त्यांची सगळी जुनी मापं तपासून दिली. नाशिकला परतल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंचा फोन आला की अहो, तुमच्या सासऱ्यांनी आज मला रस्सा पाठवला, भाजलेलं खोबरं लावलेला. मी फोन ठेवून बराच वेळ रडले.

पण मधली ती मंगळवारची सकाळ राहिली सांगायची.

उजाडलं होतं तेव्हा फोन आला. आम्ही दोघं गेलो. नव्या जागेपाशी ब्रांडेस उभे होते, आणि त्यांच्यापुढे पाचोळ्यावर एक डुक्कर आडवं पडलेलं. फार मोठं नव्हतं, वर्षाचं असेल. अण्णा चार पावलांवर थांबले. ब्रांडेसनी टोपी काढली, बाजूच्या स्प्रूसची एक लहान डहाळी मोडली, गुडघ्यावर बसून त्या जनावराचं तोंड जरा उघडलं आणि ती डहाळी त्याच्या दातांत ठेवली. मग उठून टोपी हातात धरून तसेच उभे राहिले.

"हे काय केलं त्यांनी?"

मी विचारलं. ब्रांडेस हळू आवाजात म्हणाले, "डेअर लेत्स्टे बिसेन."

"शेवटचा घास, अण्णा." या वेळी मी दुसरा शब्द शोधायला गेले नाही. "मारल्यावर द्यायचाच, असा यांचा नियम आहे. पाचच झाडांची डहाळी चालते."

अण्णा त्या डहाळीकडे बघत राहिले. मी जवळ सरकले.

"आय.सी.यू.त काही न्यायचं नाही असा बोर्ड होता," ते म्हणाले. "तुळशीचं पान मी खिशात घेऊन बाहेर बसलो होतो. दोन दिवस. नर्स चांगली होती. तिने एकदा मुद्दाम पाठ केली माझ्याकडे, मला कळलं ते. तरी मी आत नेलं नाही. बोर्ड होता ना. मी नियम पाळला गं."

मी त्यांचा हात धरला. लग्नापासून कधी धरला नव्हता. थंडगार होता, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही. ब्रांडेसनी विचारलं, काय म्हणाले ते? मी सांगितलं. बोर्ड, नर्स, पान, खिसा, दोन दिवस. एक शब्दही गाळला नाही.

ब्रांडेस झाडाशी गेले, आणखी एक डहाळी मोडली, आणि आणून अण्णांना दिली.

अण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली. "कुठे ठेवायची विचार. यांचा नियम काय आहे?"

मी विचारलं. ब्रांडेसनी मान हलवली.

"याला नियम नाही म्हणतात, अण्णा."

अण्णा बाजूला गेले, जरा लांब, जिथे शेवाळ होतं तिथे, आणि गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. आईंना ते जन्मभर 'अगं' म्हणत आले. 'ऐकलंस का' म्हणत आले. हॉस्पिटलच्या फॉर्मवरचं नावसुद्धा त्यांनी मिलिंदला लिहायला लावलं होतं. अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं.

त्यांनी डहाळी शेवाळावर ठेवली.

"सुमन," ते म्हणाले, "घे."